साडेनव्व्याण्णव

११ जानेवारी

प्रिय वहिनी,

पार्सल हातात जड लागलं असेल. आत बारा वाट्यांचा लोखंडी ट्रे आहे. माझ्यावर चिडलीस तर भिरकावू नकोस, पायावर पडेल.

पत्र अशासाठी की फोनवर तिसऱ्या मिनिटाला आपलं वाजतं, आणि तेही आईच्या उशाशी. ती डोळे मिटून पडते आणि सगळं ऐकते. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू येतेच. कागदावर निदान कुणी कुणाला मधेच तोडत नाही.

मी आठ दिवस राहिले आणि निघून आले. दादा बोटीवर परत गेला, तो आता मेअखेरीस उगवणार. आई आमची, आणि तिला उचलायचं तू. हे मला कळतं, म्हणून तर चिडचिड जास्त होते.

ठरलं होतं ते एकदा लिहून ठेवते. आईच्या खुब्याचं हाड पट्टी घालून बसवलंय, पण अंगावर मांस उरलेलं नाही. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, पंचेचाळीस किलो होईपर्यंत वॉकर हातात देणार नाही, पाय पेलणार नाहीत आणि पुन्हा पडेल. आज ती एक्केचाळीस आहे. मार्चअखेरपर्यंत पंचेचाळीस झाली तर घरी राहील. नाही झाली तर शहराबाहेरच्या त्या निवासात तिची खाट, कारण पहाटेची बस चालवणं आणि अंथरुणावरचं माणूस हे तुला एकटीला जमणारं नाही. टेबलाशी बसून तिघांनी माना डोलावल्या होत्या. एकमेकांच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

आहारतज्ज्ञांनी प्रथिनांचा कागद दिलाय. पण पहाटे उठून रांध म्हटलं तर तू मला जिवंत सोडणार नाहीस. म्हणून हा ट्रे. आमच्या हॉटेलच्या नाश्त्याला मी रोज दोनशे वाट्या काढते. तू रविवारी एकदाच कर, सोमवार ते शनिवार निघेल. ओव्हनमध्ये तू पातेली ठेवतेस हे मला माहीत आहे. ती बाहेर काढ.

दहा अंडी आणि वर चार अंड्यांचा नुसता पांढरा भाग. अडीचशे ग्रॅम दही, फडक्यात टांगून पाणी काढलेलं. मूठभर किसलेलं चीज, दोन मुठी पालक, थोडी कांद्याची पात, मिरपूड. मीठ बेतानं, आईला रक्तदाब आहे. दही मोजताना भांडं आधी काट्यावर ठेवायचं आणि काटा शून्यावर आणायचा, मग दही घालायचं. प्रत्येक वेळी. कालचं भांडं होतं म्हणून आज तसंच चालेल असं नाही. हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. सगळं हलक्या हातानं फेटायचं, वाट्यांना लोणी लावायचं, पाऊणच भरायच्या. एकशे सत्तरवर वीस मिनिटं. रोज सकाळी आईला दोन.

आणि दर रविवारी तिचं वजन मला कळव.

तुझी
बारकी

---

२१ जानेवारी

प्रिय बारके,

त्रेचाळीसची झालीस तरी या घरात तू बारकीच. ट्रे पोचला. पायावर पडला नाही.

रविवारी पातेली बाहेर काढली. ओव्हनमध्ये गेल्या वर्षी हरवलेलं झाकण सापडलं, तेवढाच आनंद. तुझं वीस मिनिटांचं गणित आमच्या ओव्हनला मान्य नाही. वाट्या मस्त फुगल्या, मी बघत राहिले, बाहेर काढल्या आणि डोळ्यांदेखत बसल्या. पालकानं पाणी सोडलं. वरून चिवट, खालून चिखल.

काकूंनी आईंना सकाळी आठला गरम करून दिल्या. शेजारच्या काकू गं, किल्ली त्यांच्याकडेच असते. त्या सहाला येतात आणि मी दुपारी येईपर्यंत बसतात. त्या नसत्या तर मी हे पत्र लिहायला उरले नसते. आईंनी दोन्ही खाल्ल्या आणि गुण दिले. दहापैकी तीन. "एक गुण प्रयत्नाचा, दोन सहानुभूतीचे."

वजनाचं ऐक. आईंना काट्यावर उभं राहता येत नाही. म्हणून मी त्यांना कडेवर घेते तशी दोन्ही हातांवर उचलते आणि न्हाणीघरातल्या काट्यावर मीच उभी राहते. मला खालचं काही दिसत नाही, काकू वाकून आकडा वाचतात. आई लाजून डोळे मिटून घेतात. दोघींचे मिळून साडेनव्व्याण्णव भरले. नोव्हेंबरात डेपोच्या तपासणीत माझे अठ्ठावन्न होते, ते वजा केले. आई साडेएक्केचाळीस. आत जाऊन आईंना उत्तर सांगितलं. म्हणाल्या, "अर्धा किलो वाढ. ठीक."

बाकी चाललंय. पावणेचारला उठते, आईंचं अंग पुसते, कूस बदलते, चादर बदलते, गोळ्या काढून ठेवते. पाच दहाची पहिली गाडी माझी. पहिल्या फेरीला सगळे झोपलेले असतात, मी सोडून. निदान मी सोडून असावेत अशी अपेक्षा आहे.

वहिनी

---

२९ जानेवारी

प्रिय वहिनी,

झाकण सापडल्याबद्दल अभिनंदन.

तुझा ओव्हन तापट आहे. एकशे पन्नासवर आण. मोठ्या थाळ्यात बोटभर गरम पाणी घाल आणि त्यात हा ट्रे बसव, मग कडा चिवट होणार नाहीत. पालक गरम पाण्यातून काढून मुठीत पिळ, अगदी राग काढ त्याच्यावर. माझं नाव घेऊन पिळलास तरी चालेल. मधला भाग जरासा थरथरतोय तेव्हाच बाहेर काढायचं, उरलेलं ते ट्रेमध्ये बसल्या बसल्या शिजतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नकोस. चार दिवसांच्या वाट्या फ्रिजमध्ये, बाकीच्या बर्फाच्या कप्प्यात.

मी पण चारलाच उठते, म्हणून तुझी पावणेचारची कथा वाचून गंमत वाटली. दोघी एकाच वेळी अंधारात चहा पीत असणार. फक्त माझ्या घरात उचलायला कुणी नाही. सकाळी दहापर्यंत ओव्हनच्या तोंडाशी उभी असते. परवा एक पाहुणा म्हणाला, किती छान, रोज ताजा नाश्ता. मी तेव्हा भिंतीला टेकून कोरडा पाव खात होते.

पुढच्या वेळी गुण नक्की कळव. आईकडून सात मिळाले की समज बोर्डात आलीस.

बारकी

---

१३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं नाव घेऊन पालक पिळला. एक थेंब पाणी उरलं नाही.

सहा मिळाले. काल नऊ! वाट्या अशा मऊ झाल्या होत्या की काकूंनी पण एक मागितली. एक गुण कशाचा कापला विचारलं तर आई म्हणाल्या, "स्वतः खाऊन बघ म्हणजे कळेल." मला कुठला वेळ. मी ट्रे घासताना कडेचं खरवडून तोंडात टाकते तेवढंच, आणि ते जळकं असतं. मी विचारत राहते, आणि त्या सांगत नाहीत. सगळ्या वर्गाला असंच छळलं असणार यांनी.

आता वाईट बातमी. वजन हलत नाही. तीन रविवार झाले, काकू वाकतात आणि म्हणतात, "साडेनव्व्याण्णव." गेल्या रविवारी मी म्हटलं, काकू, चष्मा पुसा. त्यांनी पुसला. साडेनव्व्याण्णव. म्हणजे आई साडेएक्केचाळीस ते साडेएक्केचाळीस. रोज दोन वाट्या, दुपारी डाळ, संध्याकाळी दूध, सगळं जातं पोटात. कुठे जातं मग?

उचलताना मला उलट त्या जड लागतात. थकल्यामुळे असेल. हात भरून येतात, काट्यावर उभी असताना मांड्या लटपटतात.

गाडीच्या सीटनं पण वैताग आणलाय. आमच्या सीटखाली स्प्रिंग असते आणि बाजूला एक चकती, ड्रायव्हरचं वजन तिच्यावर लावायचं म्हणजे सीट तेवढी मऊ होते. दुपारचा ड्रायव्हर शंभर किलोचा आहे, तो त्याची लावतो. मी रोज पहाटे परत साठावर आणते, गेली नऊ वर्षं आणते. पण महिनाभर सीट अशी आदळते की कमरेत कळ येते. तक्रार लिहून दिली आहे. बघू कधी मुहूर्त लागतो.

तुझ्या दादांचा फोन आला होता. म्हणाले, "जमतंय ना?" मी म्हटलं, जमतंय. दुसरं काय सांगायचं, ते समुद्रात उडी मारून येणार आहेत थोडेच.

वहिनी

---

२५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. मग कागद घेऊन हिशेब मांडला. दोन वाट्यांची बावीस-तेवीस ग्रॅम प्रथिनं, डाळीची, दुधाची धरून आई पन्नाशीच्या वर जाते. सहा आठवडे. एवढ्यात माणसाचं वजन शंभर ग्रॅमही वाढू नये? आमच्या मालकांचे वडील याच वाट्यांवर दोन महिन्यांत उभे राहिले.

मी एक विचारणार आहे. रागावू नकोस. सकाळी आठला तू तिथे नसतेस. वाट्या खरंच आईच्या पोटात जातात का? काकूंनी एक मागितली म्हणालीस. एकच का? आणि रविवारी तू खरंच दहा अंडी घालतेस ना? दमलेलं माणूस आठ घालतं, सहा घालतं, मी रोज बघते आमच्याकडे. मी दोष देत नाही. पण मार्च संपायला पाच आठवडे राहिलेत. आणि मला कधी कधी वाटतं की ती निवासात गेली तर सगळ्यात मोकळी तू होशील. वाटतं ते लिहिलं. फोनवर असते तर बोलले नसते.

बारकी

---

४ मार्च

सौ. वन्संना नमस्कार,

आपलं पत्र मिळालं. प्रश्नांची उत्तरं क्रमानं देते.

एक. रविवारी दहा अंडी आणि वर चारांचे पांढरे. टरफलं पाठवू का मोजायला?

दोन. काकूंनी आजवर एक वाटी खाल्ली, ती मी हातानं दिली म्हणून. आता त्या आमच्या घरात चहासुद्धा घेणार नाहीत, कारण तुमचं पत्र मी टेबलावर विसरले आणि त्यांनी ते पाहिलं. सकाळी सहाला मात्र येतात. तुमच्या आईसाठी येतात.

तीन. मी मोकळी होईन का. होईन. हो, बारके, होईन. तुला खरं ऐकायचं होतं ना? रविवारी काकू वाकून तोच आकडा सांगतात तेव्हा माझ्या मनात आधी एकच येतं. सुटले, असं. मग मी आईंना परत खाटेवर ठेवते, त्यांचे केस सारखे करते, आणि मला स्वतःची किळस येते. मग ओट्याशी जाऊन त्याच हातांनी दहा अंडी फोडते. त्यातलं एकही कमी करावं असं मला कधी वाटलं नाही. वजन वाढू नये असं वाटणारी मीच आणि वाढावं म्हणून पहाटे उठणारी पण मीच. यातली कुठली खरी ते तू ठरव, तुला तिथून स्वच्छ दिसतं.

निवासाचा अर्ज आणला आहे. एकतीसच्या आत द्यायचा. या रविवारीही साडेनव्व्याण्णव.

सीटबद्दल तुम्हाला काही पडलेली नसेल, तरी सांगते, कारण आठवडाभरात मला कुणी हसवलं असेल तर त्या मेकॅनिकनंच. सीट उघडून बघितली, काही मोडलेलं नाही. चकती साठावरून पन्नासवर फिरवली आणि म्हणाला, बसा. बसले तर लोण्यासारखी. म्हणाला, "बाई, सीट चांगली आहे, तुम्हीच कुणीतरी दुसऱ्या आलाय." माझ्या पट्ट्याला मी खिळ्यानं दोन भोकं पाडली आहेत तीही त्याला दाखवली. खूप हसलो.

पुढचं पत्र लिहायची तसदी घेऊ नये.

वहिनी

---

७ मार्च

चि. बारकीस,

अक्षर वाकडं आहे, पडून आणि पेन्सिलीनं लिहिते आहे. त्याचे गुण कापू नयेस. हे पत्र शेजारच्या बाई पेटीत टाकणार आहेत. सुनेला माहीत नाही.

तू काय लिहिलंस ते मी वाचलेलं नाही, पण ती चार दिवस नाक ओढत वावरते आहे आणि शेजारच्या बाई माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा म्हणतात, "मी नाही हो खाल्ल्या." त्यावरून प्रश्न काय असेल ते मला काढता आलं. उत्तर लिहून घे. दोन्ही वाट्या माझ्याच पोटात जातात, रोज, शेवटच्या घासापर्यंत. मला अंडं आवडत नाही हे तुला माहीत आहे. तरी खाते, कारण ती करते.

अर्जावर मी सही केली आहे. तिनं तो कपाटात लपवला होता, शेजारच्या बाईंकडून मागून घेतला. स्वच्छ अक्षरात केली आहे. यात कुणी रडण्यासारखं काही नाही. काटा नाही म्हणतो, आणि काट्याशी वाद घालणारी मी नव्हे. आकडेमोड माझ्यासमोर होत नाही, मला नुसतं उत्तर सांगतात. पण इतके रविवार तेच उत्तर येतं आहे म्हणजे बरोबरच असणार.

एकच गोष्ट जुळत नाही. गाऊनची बाही दंडावर रुतते आहे. शेजारच्या बाई म्हणतात, धुऊन आटला. आटला असेल.

आणि सुनेकडे लक्ष दे. नोव्हेंबरात तिनं मला पहिल्यांदा उचललं तेव्हा डोकं टेकायला खांदा होता. आता हाड लागतं. ती कधी जेवते ते मी पाहिलेलं नाही. म्हणून मी एक गुण कापून ठेवला होता, की त्या निमित्तानं तरी ती एक घास खाईल. तिनं खाल्ला नाही. माझी युक्ती फसली.

आई

---

१२ मार्च

वहिनी,

तू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. जलद टपालानं पाठवते आहे. फोन करणार होते, पण मला रडू आवरलं नसतं आणि तू ठेवून दिला असतास.

काल तुझं आणि आईचं अशी दोन्ही पत्रं घेऊन मी कामावर सामानाच्या खोलीत पोत्यावर बसले. आईनं मला लिहिलंय, गुपचूप, तिला रागवू नकोस. एका पत्रात सीट आणि पट्टा, दुसऱ्यात गाऊनची बाही आणि तुझा खांदा. समोर आमचा मोठा काटा. त्यावर कुणीतरी रिकामं पातेलं ठेवून गेलं होतं, काटा शून्यावर न आणता. मी उठून सवयीनं बटण दाबलं. आणि तशीच उभी राहिले.

वहिनी, भांडं तू आहेस.

दर रविवारी तुम्ही दोघींचं वजन घेता आणि त्यातून तुझे अठ्ठावन्न वजा करता. नोव्हेंबरातले. मी तुला दह्याच्या वाडग्यासाठी लिहिलं, प्रत्येक वेळी आधी रिकामं भांडं. आणि तू काट्यावर एकटी एकदा तरी उभी राहिलीस का, हे विचारायचं मला सुचलं नाही. आठ आठवडे मी आईचा आकडा मागत होते. तुझा एकदाही मागितला नाही. वाट्या आईच्या पोटात जातात का असं विचारलं, तुझ्या पोटात काही जातं का असं विचारलं नाही. आकडा हलत नव्हता कारण तिच्या अंगावर जेवढं चढत होतं तेवढं तुझ्या अंगावरून उतरत होतं.

माझं चुकलं. सरळ लिहिते, माझं चुकलं. काकूंची माफी मी येऊन मागणार आहे, त्या चहा घेईपर्यंत उठणार नाही.

आणि तू ते मोकळं होण्याचं लिहिलंस ना, त्याची किळस वाटून घेऊ नकोस. मी इथे एवढ्या लांब राहून रोज मोकळीच आहे, मला कुठे वाटते? तिला कुठे ठेवायचं हे बोलायची तिघांनाही हिंमत नव्हती, म्हणून आपण ते पंचेचाळीसवर ढकललं. काटा ठरवील म्हणालो.

आता असं कर. पत्र वाचून झालं की न्हाणीघरात जा आणि एकटी काट्यावर उभी राहा. काकूंना वाकू दे. मग आईला उचल. उचलवत नसेल तर उचलू नकोस, व्यायामवाल्या बाईंना बोलव.

माझी चाळीस दिवसांची रजा साचली आहे. एकोणतीसला सकाळी पोचते. मी काट्यावर चढेन, माझं वजन भरपूर आहे, पुरेल.

तुझी
बारकी

---

२४ मार्च

प्रिय बारके,

पत्र मंगळवारी मिळालं. ओट्यावर ठेवलं आणि तासभर उघडलं नाही. मग उघडलं. मग न्हाणीघरात जाऊन एकटी उभी राहिले. काकू वाकल्या, चष्मा पुसला, पुन्हा वाकल्या. मी म्हटलं, काकू? तर म्हणाल्या, "साडेबावन्न गं." आणि रडायला लागल्या. वजन माझं गेलं आणि रडत होत्या त्या.

मग आईंना घेऊन. साडेनव्व्याण्णव. तोच मेला आकडा. वजाबाकी मी न्हाणीघराच्या दारातच मोठ्यानं केली. सत्तेचाळीस.

आईंनी माझ्या हातांवरच डोळे उघडले. "कितीतून किती वजा केलेस?" मी सांगितलं. "आणि याआधी?" तेही सांगितलं. मला वाटलं आता वर्गाबाहेर काढतील. म्हणाल्या, "एवढी मोठी चूक माझ्या घरात झाली आणि मी तपासली नाही." एवढंच. पण त्यांचा हात माझ्या खांद्याच्या हाडावर होता, तो त्यांनी काढला नाही.

व्यायामवाल्या बाई शुक्रवारी आल्या. म्हणाल्या, हे तर फेब्रुवारीतच सुरू करता आलं असतं. आईंना वॉकर दिला. पहिल्या दिवशी आठ अंक मोजेपर्यंत उभ्या राहिल्या, स्वतःच मोजत होत्या. काल एकवीस. पाय कापतात, ओठ चावतात, पण मधला एकही अंक गाळत नाहीत. खाटेपासून खिडकीपर्यंत जायला अजून महिना लागेल म्हणतात. न्हाणीघर त्याच्याही पुढे. म्हणजे माझं उचलणं इतक्यात संपत नाही. तू येतेस ते बरं करतेस. खोटं कशाला बोलू, दिवस मोजते आहे.

अर्ज फाडला नाही. मी फाडायला घेतला होता, आईंनीच थांबवलं. "राहू दे कपाटात. सही माझी आहे, लाज तुला कशाला?" तू आणि तुझे दादा असताना त्यावर नीट बोलायचं असं ठरलं आहे, काट्याशिवाय. त्यांना मी फोन केला. जमतंय ना, विचारलं. मी म्हटलं, नाही, जमत नाही. मग म्हणाले, एप्रिलात उतरता येतंय का बघतो.

काकू चहा घेत नाहीत अजून. तू ये आणि बस त्यांच्यापुढे.

आता आजचं. सकाळी कामावर निघायच्या आधी, साडेचारला, आईंनी हाक मारली. एरवी त्या वेळी झोपलेल्या असतात. उशाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "दोन वाट्या गरम करून आण." मी म्हटलं, आत्ता? तुम्हाला आठला लागतात. "आण म्हटलं ना." आणल्या. ताटली हातात घेतली आणि माझ्याकडे ढकलली. "तू. दोन्ही. बसून." मी म्हटलं, आई, पाच दहाची गाडी आहे. तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "चाळीस मिनिटं आहेत. मला वजाबाकी शिकवू नकोस."

म्हणून त्यांच्या खाटेच्या कडेवर बसले. त्या बघत होत्या, पेपर लिहिणाऱ्या पोरीकडे बघावं तसं. दहा आठवडे मी दर रविवारी हे करते आहे, डोळे मिटून करीन इतकं. आज पहिल्यांदा पूर्ण घास घेतला.

मीठ कमी आहे गं.

वहिनी